सामान सांभाळणारी बाई

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील. गुडघा कुरकुरतोय, घरमालकाने जिन्यातला दिवा अजून बदललेला नाही, आणि परवा तुझ्या लेकीचा फोन येऊन गेला. झाली खुशाली. आता मुद्द्यावर येते, कारण काल दुपारपासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

काल मी संग्रहालयात जाऊन तुझं प्रदर्शन बघून आले. उद्घाटनाच्या गर्दीत धक्के कोण खाणार, म्हणून आधीच गेले. सुतार अजून पाट्या ठोकत होते. आत शिरल्या शिरल्या समोर आपला तो बंदरावरचा फोटो, अख्ख्या भिंतीएवढा केलेला. परदेशच्या पहिल्या दौऱ्याचा. बोटीतून उतरून तू उभी, फरची कॉलर, हातात गुच्छ, पुढ्यात वार्ताहरांचा घोळका. शेजारी मी, दोन्ही हातांत तुझ्या टोप्यांचे गोल डबे. मला क्षणभर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, भिंतीवर तरी दोघी शेजारी शेजारी आलो.

मग खालची पाटी वाचली. 'पहिल्या परदेश दौऱ्यावर आलेल्या ऑपेरा गायिका. सोबत त्यांचं सामान सांभाळणारी बाई.'

बाई! अगं, सख्खी बहीण मी तुझी. एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो, आणि सगळं पांघरूण तू ओढायचीस.

तिथल्या चष्मेवाल्या क्युरेटरबाईंना विचारलं, हे कुणी लिहिलं? त्या म्हणाल्या, "त्यांनी स्वतःच सांगितलं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच म्हणाल्या. का हो, तुम्ही ओळखता का या बाईंना?" ताई, उभा जन्म तुला शब्द पुरवले आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा सरळ पाठ फिरवून बाहेर पडले.

विसरली असशील तर ऐक मी कोण होते ते. प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत अर्ध्या गाडलेल्या त्या खोक्यात बसून, तुझ्या प्रत्येक ओळीचा पहिला शब्द तुझ्याआधी अर्धा श्वास सांगणारी. तुझा आवाज म्हणजे देवाची देणगी, त्याबद्दल ब्र काढणार नाही. पण पाठांतर? परक्या भाषेतली एक ओळ तुझ्या डोक्यात टिकेल तर शपथ! एकदा प्रेमाच्या गाण्यातून सरळ मरणाच्या गाण्यात घुसली होतीस, तेव्हा तुला ओढून परत कुणी आणलं? तुझ्या झग्याची धूळ माझ्या नाकात, तुझ्यावर फेकलेली फुलं माझ्या डोक्यावर, आणि टाळ्या वरच्या वर तुला. मी कधी हूं की चूं केलं नाही. शिंकसुद्धा दाबून धरायचे.

आणि तो फोटो एकदा नीट बघ. तुझं तोंड उघडं आहे, तू त्या लोकांचे त्यांच्या भाषेत आभार मानते आहेस. माझंही तोंड उघडं आहे. बघणाऱ्याला वाटेल, ओझी उचलून दमली बिचारी, जांभई देतेय. मी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, तुझ्या ओठांकडे बघतेय. कारण साधं 'आभारी आहे' एवढंसुद्धा तुला मीच देत होते. डबे धरले ते तुझ्या हातात गुच्छ होता म्हणून!

घरी येऊन तुझ्या सगळ्या रेकॉर्डी माळ्यावर फेकल्या. संध्याकाळी स्टूल घेऊन एक परत काढली. ते जाऊ दे.

फोनचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकेना. शनिवारी उद्घाटनाला तुला दोन शब्द बोलायचे आहेत, तर "मावशी, तू आईच्या शेजारी बस आणि तिला शब्द दे," असा तुझ्या लेकीचा हट्ट. मी म्हटलं, का गं? भाषण काय परक्या भाषेत आहे? तर म्हणाली, "मावशी, काल सकाळी आईने मलाच विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उठून संग्रहालय गाठलं ते म्हणून. गर्दीचं आपलं निमित्त. तिथे कुठेतरी तू माझ्याबद्दल धड काही सांगितलं असशील, ते डोळ्यांनी बघायला गेले होते.

ताई, ते सामानाचं तू मुद्दाम म्हणालीस ना? मी ओळखून आहे तुला. मिरवायला मिळालं की तू काहीही बोलतेस. 'मला प्रॉम्प्टर कधी लागलाच नाही,' असं मुलाखतीत ठोकून दिलं होतंस, तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. हेही तसलंच असू दे. खोटारडेपणा असू दे, माज असू दे. मी भांडेन, चारचौघांत तुझी शोभा करेन, मला ते जमतं. पण तू खोटं बोललेली असावीस. विसरलेली नसावीस. विसरण्याशी मी भांडू कशी?

शनिवारी मी येते आहे. तुझ्या शेजारी बसेन. भाषणात अडलीस की पुढचा शब्द देईन, कुणाच्या लक्षातही येणार नाही. फक्त त्या फोटोपाशी आलीस की मी तोंड उघडणार नाही. ती बाई कोण, हे सगळ्यांसमोर तू सांगायचंस. लहानपणापासून तू मला ज्या नावाने हाक मारतेस, ते नाव या पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दाम. तुझ्या लेकीलाही ते माहीत नाही, तेव्हा तिच्याकडून चोरून घ्यायची सोय नाही.

आजवर पहिला शब्द मी दिला. हा एक तू दे. खाली त्याची जागा मोकळी सोडली आहे.

तुझी

. . . . . . . .