चौथ्यांदा उसवलेला स्कर्ट

मी खाली सही करणारा, वय सदुसष्ट, धंदा शिंपीकाम, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. अक्षर हलले आहे ते भीतीने. त्यावरून कोणी शंका काढू नये.

१. राहते घर धाकट्या मुलास. अट एकच, "ताटातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही" हा माझा नियम तिथे पुन्हा कोणी चालवू नये. मी लहानपणी उपाशी राहिलो, म्हणून पोट भरल्यावरही पोरांना भरवत राहिलो. जेवताना टीव्ही बंद ठेवावा. त्याच्यापुढे कोण किती खाते ते कोणालाच कळत नाही, मलाही नाही.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री धाकट्या सूनबाईस. "बाबा, तिला सारखं गोड देऊ नका ना," असे ती आपल्या मुलीबद्दल, माझ्या नातीबद्दल, दोनदा म्हणाली होती. मी तिच्यावर खेकसलो. तिची माफी मागतो.

३. थोरल्या बहिणीस रेडिओ. "खात्यापित्या घरची पोर आहे, असू दे," हे तिने यापुढे आम्हाला नाही, त्या रेडिओला ऐकवावे.

४. दुकानातला बिस्किटांचा डबा कोणासही नाही. नात रडली की मी तो उघडायचो, हसली तरी उघडायचो. त्यात बटणे भरावीत.

५. मापांची वही धाकट्यास. थोरल्या मुलाच्या शाळेच्या पँटी मी गुपचूप सैल करत गेलो. पोराला कोणी हसू नये, एवढेच मनात होते. तो अडतिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. बाराव्या वर्षी त्याच्या कमरेचे जे माप होते, तेच आज नातीचे आहे. ती नऊ वर्षांची आहे. "आजोबा, आईला सांगू नका हं," म्हणत तिने परवा स्कर्ट आणून दिला. मी तो चौथ्यांदा उसवला. सैल करायला शिवणीत आता कापड उरलेले नाही. मला फार भीती वाटते. पोरीला टोचून बोलू नये, उपाशी ठेवू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि ते सांगतील तसे सगळ्या घराने जेवावे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी उद्या वाचलो तर हा कागद कपाटात राहील आणि मी पुन्हा तो डबा उघडेन. मुलाला समोर बसवून हे सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता साक्षीदाराने हा कागद आजच त्याच्या हातात द्यावा.

सही: नातीचा आजोबा
ठिकाण: माझे दुकान
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी तीन

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका
साक्षीदार २: समोरचा इस्त्रीवाला. सही केली. कागद घेऊन निघालो.