पिवळ्या कार्डाचं स्थळ

धायरी, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणीस चंपाआत्याचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. मोबाईलवर लिहिलं की अर्ध्या भंडाऱ्याला कळतं, म्हणून पोस्ट. तुझ्यासाठी स्थळ पाहिलंय. सुदर्शन, मूळचा गोंदियाचा, इथे हिंजवडीत कंपनीत आहे. दिसायला बरा, पोह्यांना नाही म्हणत नाही. फोटो सोबत.

पण बाई, खोट निघाली. बसल्या बसल्या म्हणाला, आधीच सांगतो, माझं पिवळं कार्ड आहे. मी म्हटलं, अरे वा! एवढा पगार आणि गरिबांचं रेशन खातोस? अर्धा तास झापलं. उद्याच्या उद्या कार्ड जमा कर म्हणून बजावलं. बिचारा मान खाली घालून ऐकत होता. जाताना म्हणतो, तिचंही कार्ड विचारून ठेवा. कसला आगाऊ! आपलं केशरी आहे ना गं?

पोहे करून दमलेली,
तुझी आत्या


भंडारा
९ फेब्रुवारी

ती. आत्यास कल्याणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं आणि एवढी हसले की रक्त तपासायला आलेले पोपटकाका घाबरून उठून गेले. अगं, ते रेशनचं नव्हे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड! माझ्या भावाला, आपल्या समाधानला आहे तसा आजार असला तर लाल. स्वतःला त्रास नाही, पण मुलाबाळांत उतरू शकतो, तर पिवळं. ते तू कुठल्या ऑफिसात जमा करायला लावलंस?

आता हसू पुरे. माझंही पिवळंच आहे. दोघं पिवळे असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता, मूल लाल निघण्याची. थंडी पडली की समाधान हाडं धरून कळवळतो, तेव्हा त्याचे पाय मी दाबते. पोटच्या पोराचं तसं मला बघवणार नाही. फोटोतला मुलगा आवडला, हीच पंचाईत. त्याला माझं कार्ड सांग, नकार कळव आणि माफी माग. तू आणि काका, दोघंही रक्त तपासून घ्या.

तुझी भाची


धायरी
२ मार्च

चि. कल्याणीस जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

माफी मागितली, पोह्यांसकट. तो दोन दिवस कार्ड कुठे जमा करायचं ते शोधत होता म्हणे. इंजिनिअर! तुझं पिवळं सांगितल्यावर मात्र बशी खाली ठेवली. मग म्हणाला, आधी दोघं मिळून डॉक्टरांना भेटू, गरोदरपणातही तपासणी असते, सगळं ऐकून मग ती म्हणेल तसं. रविवारी फोन करणार आहे. मी मध्ये तोंड घालणार नाही. कठीण आहे, पण नाही घालणार.

दारावर पाटी लावली आहे: ‘स्थळ सांगणाऱ्यांनी रक्ताचा रिपोर्ट आणावा. रेशनकार्ड दाखवून वेळ घेऊ नये.’ पोस्टमनसुद्धा रिपोर्ट दाखवून गेला.

आम्हीही तपासलं. ह्यांचं पिवळं, माझंही पिवळं. आमची लेक नम्रता तुझ्या जन्माआधीची. पाय दुखतात म्हणून रडायची. मी म्हणायची, शाळा बुडवायची नाटकं, आणि दंडाला धरून पोचवायची. आठव्या वर्षी गेली. आम्हाला तेव्हा कुणी काही सांगितलं नाही गं. हा पोरगा पहिल्याच भेटीत सांगत होता, तर त्यालाच मी झापलं.

आमची दोन्ही कार्डं रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली आहेत. तिचं लाल कार्ड कधी निघालंच नाही.

रविवारी फोन उचल. माया आहे तशी असू दे.

तुझी पिवळी आत्या,
चंपा