चाळणीतला कोंडा

जबलपूर, २ मार्च १९४४

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून गुंडाचा नमस्कार.

मी खुशाल हाय. जेवाण लय चांगलं मिळतं, माजी काळजी करू नगंस. तुजा दमा कसा हाय? हे पत्र मास्तरांकडनं चार बायकांत मोठ्यानं वाचून घे.

तुजी सून वारल्याचं पत्र पोचलं. राहीला सगळ्यांसारखीच आमटी वाढत होतीस, दोन भाकरी खायाची, तरी अंगाला लागंना, तिचंच हाड कच्चं, आसं तू लिवलंस.

मी घोड्यांवर हाय म्हणून सांगितलं, ते खोटं. पलटणीच्या डुकरांवर हाय. औंदा साहेबानं धा डुकरांच्या दोन टोळ्या केल्या. शेंगदाण्याची पेंड सगळ्यांस्नी सारखीच, पण एका टोळीला दाणा कमी करून कोंडा घातला. त्यांची पोटं टम्म झाली आन् पाठीची हाडं वर आली. त्यांची घाण मीच गोळा करायचो. ती तपासून साहेब म्हणाला, कोंड्यासंगं पेंडीचा कस बी भाईर पडतो.

तू पीठ चाळून आमच्या भाकरी थापायचीस. चाळणीतला कोंडा राहीच्या भाकरीत जायाचा. सुनेची रीत म्हणायचीस, आन् मी समोर बसून जेवायचो.

साहेबानं चाळीस दिसांत कोंडा बंद केला. राहीनं तीन वरसं खाल्ला.

नवी पोरगी अंगानं भरलेली हाय म्हणतीस. आण. पण उंबऱ्यावर ओवाळायच्या आदी तिचं वजन करून लिवून ठेव. हितं डुकरांचं बी करत्यात.

चाळलेल्या पिठावर पोसलेला,
तुजा गुंडा