पोटात ठेवलेली खिरापत

माय, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. सातवीनंतर पेन धरला तो सही करण्यापुरता, म्हणून अक्षर वाकडंतिकडं येईल, समजून घे. आज सुट्टी आहे. खोलीतली बाकीची पोरं बाजारात गेली आहेत. फरशीच्या खोक्यात मधे घालायचा जाड कागद माझ्याकडे पडला होता, त्याच्यावर लिहून राहिलो. मोरबीचं ऊन आपल्यासारखंच आहे, पण माती पांढरी. तू गेल्यावर मी नांदगाव पेठेत सुताच्या कारखान्यात होतो, मग पुण्याला, मग सुरतेला, आता इथं. बाबा म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठंच दोन दिवाळ्या टिकत नाही. इथं मात्र दुसरी दिवाळी येईल. इथलं काम मला जमतं. भट्टीतून निघालेली फरशी पट्ट्यावरून येते, मी तिला लाकडी दांडीनं टिचकी मारतो आणि ऐकतो. चांगली असली तर खणकन बोलते, आतून तडकलेली असली तर बद्द. वरून कितीही पाहा, दिसत नाही. आमचा साहेब एकदा म्हणाला, तुझा कान कसा काय असा तयार. मी नुसता हसलो. भुलाबाईच्या खिरापतीचं त्याला काय सांगणार.

आपल्या घरी पोरगी नव्हती. तरी तू दर भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी मांडायची, आणि महिनाभर गल्लीतल्या पोरी संध्याकाळी आपल्या ओसरीत टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या. पोरगी ना सोरगी, कोणासाठी मांडतं व, असं शेजारची काकू टोमणा मारायची. तू म्हणायची, मले हौस हाय, तुह्या बापाचं काय जाते. गाणी झाली की तू पितळी डबा आणायची, कानाजवळ हलवायची, आणि पोरींनी आवाजावरून आतली खिरापत ओळखायची. ओळखली तर पोरी जिंकल्या, नाही तर तू. आणि तू हरत नव्हतीस. अनारसे करायची आणि डब्याला आतून जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायची, म्हणजे आवाजच येऊ नये. कधी वड्यांमधे एकच शेंगदाणा सुटा ठेवायची, पोरी दाणे दाणे म्हणत बसायच्या. मी नऊ वर्षांचा असेन तेव्हा दोन पोरींनी मला बोरं दिली आणि मी सांगून टाकलं, करंज्या आहेत, फडक्यात बांधल्या आहेत. तू डबा हलवायच्या आधीच सगळ्या ओरडल्या. तू मला मारलं नाहीस. पोरी गेल्यावर करंज्या माझ्यापुढं ठेवल्या, खाय म्हटलं, आणि मी खात असताना म्हणालीस, "पोटात गोष्ट राहत नसन, तं तो माणूस कोणाच्याच कामाचा नाई. समजलं?" मी भरल्या तोंडानं मान हलवली. ते माझ्या फार आतपर्यंत गेलं, माय. त्यानंतर मी काहीच फोडलं नाही.

आता आपल्या घरी पोरगी आहे. सहा वर्षांची, तुझी नात. तिच्या पाठीवर एक पोट्टं आहे तीन वर्षांचं, ते आबाची, म्हणजे आपल्या बाबांची, टोपी घालून बाकी उघडंच फिरते आणि फोन उचलून मला विचारते, कोन बोलून राह्यला बे. त्याची आई त्याला दटावते, अरे पप्पा आहेत. मग ते फोनच्या काचेला नाक लावते आणि मला नुसती त्याची नाकपुडी दिसते. पोरगी त्याच्या हातून फोन ओढून घेते आणि दिवसभराचा हिशोब देते. कोंबडीनं कुठं अंडं घातलं, आबानं बिडी कुठं लपवली, शाळेतल्या बाईंना कोणाच्या वहीवर राग आला, आईनं भाजीत दोनदा मीठ टाकलं. तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. खिरापतीचा डबा ती फोनसमोर हलवते, ओळखा पप्पा म्हणते, आणि मी तोंड उघडायच्या आत सांगते, लाडू हायेत. माझी बायको म्हणते, तुमची पोरगी हाय, दुसरं काय. तिला करंज्यांची गोष्ट बाबांनी सांगितलेली आहे.

यंदा एक मजा झाली, ती तुला सांगायचीच होती. भुलाबाई मांडून चार दिवस झाले असतील. ते पोट्टं भुलोजीला घेऊन मोरीत गेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे भुलोजीच्या अंगाला घाम आला होता. त्यानं त्याला बादलीत बसवून डोक्यावरून पाणी घातलं, साबण लावला. माझी बायको वावरातून आली तर बादलीत गढूळ पाणी, वर चमकीच्या कागदाचा फेटा तरंगून राहिलेला, आणि हे बाजूला बसून म्हणते, गेला. पोरगी रडायला लागली, भुलाबाई आता एकटी कशी राहील म्हणून. बाबांनी बादलीतला तो फेटा काढून झटकला आणि म्हणाले, राहते बाप्पा, माणूस एकटं बी राहते. मग पोरीनंच तोड काढली. तेव्हापासून गाण्याच्या वेळी ती मला फोन लावते आणि तो फोन भुलाबाईच्या शेजारी तांब्याला टेकवून उभा करते. मीच भुलोजी. संध्याकाळी चहाची सुट्टी मिळते तेवढा वेळ मी पोत्यावर ताठ बसतो. हललो तर पोरी ओरडतात, भुलोजी, हालू नोका. इथली गुजराती पोरं चहाचा कप हातात धरून माझ्या मागं उभी राहून ऐकतात. सगळी गाणी मला पाठ आहेत, माय. ओठ मात्र मी मिटून ठेवतो.

दसऱ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आपल्या वावरातला झेंडू पूर्ण फुलला होता, तोडणीची घरात सगळी घाई. त्या दिवशी गाणी व्हायच्या आधीच दुपारी पोरीचा फोन आला. पाहिलं तर ती धान्याच्या कोठीमागं बसलेली, आवाज बारीक. म्हणाली, "पप्पा, एक खिरापत सांगू? आईनं सांगू नोको म्हटलं." मी म्हटलं, मग नको सांगू. खरंच असं म्हटलं मी. तोंडातून आपोआप निघालं. पण ती तुझी नात असली तरी माझ्यासारखी नाही. ती म्हणाली, "आई झेंडूत बसली ना, तं उठलीच नाई. मी तोंडावर पाणी मारलं. काल बी बसली होती." तेवढ्यात मागून तिची आई आली. फोन हिसकावला गेला, मला छत दिसलं, पत्र्याचं, आणि आवाज आला, "कार्टे, काहीच राहत नाई का व तुह्या पोटात." दांडी माझ्या हातात तशीच राहिली. दोन फरश्या माझ्यासमोरून तशाच पुढं गेल्या, त्यांना टिचकी मारायचं भान मला राहिलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो. हाच महिना, हाच झेंडू. तू हौदाजवळ बसली होतीस आणि तुला उठता येत नव्हतं, पोट धरलं होतंस. मी बाबांना बोलवायला पळालो तर तू माझी चड्डी धरलीस. "बाबाले सांगू नोको. दसऱ्याचा झेंडू निघू दे, कोजागिरीले भुलाबाई उठू दे, मंग मी सोता सांगतो. खिरापतीसारखं ठेव पोटात." आणि मला हसून दाखवलंस. मी ठेवलं. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे तुला माहीत आहे का? तू मला परत कामाचा माणूस समजलीस असं वाटलं. त्यानंतर तू कितीदा बसलीस, मी मोजत होतो. एकदा चुलीसमोर, एकदा संडासाच्या वाटेवर, एकदा पाटलाच्या बोरीखाली. प्रत्येकदा मी इकडं तिकडं पाहिलं, कोणी पाहत तर नाही. कोजागिरीच्या दिवशी तुला काही करणं झालं नाही. तू मला दुकानात पाठवलंस आणि फुटाणे मागवलेस. ते डब्यात टाकले, फडकंही लावलं नाही. तू डबा एकदा हलवलास आणि सगळ्या पोरींनी एका दमात ओळखलं. करंज्यांच्या वेळचं सोडलं तर इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा हरलीस, म्हणून सगळ्या नाचल्या. काकूसुद्धा हसली. इतक्या बायका होत्या ओसरीत, एकीनंही विचारलं नाही की हिच्या डब्यात विकतचे फुटाणे काहून. मला माहीत होतं, आणि मी टाळ्या वाजवल्या.

नंतर दिवाळीचा झेंडू उभा राहिला आणि तू म्हणालीस, एवढा निघू दे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तू पडलीस ती उठलीच नाहीस. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर बाबांना म्हणाले, गाठ पोटात पार पसरली आहे, महिनाभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. बाबा व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले आणि म्हणाले, घरात कोणालेच कसं समजलं नाई. मी नळापाशी उभा होतो, हातात तुझा डबा होता जेवणाचा. मी नळ सोडला आणि डबा धूत राहिलो. अजून तो धुऊन झाला नाही, असं मला कधीकधी वाटतं. पाय एका ठिकाणी टिकत नाहीत त्याचं कारण बाबा भिंगरी म्हणतात. मला ते कारण माहीत आहे. बाबांसमोर दोन दिवाळ्या बसणं माझ्यानं होत नाही.

तर त्या दिवशी मी पट्टा सोडून बाहेर आलो आणि बायकोला फोन लावला. म्हटलं, पोरीला हात लावू नको. ती म्हणाली, तुमी काहून घाबरून राह्यले, दसरा होऊ द्या, मंग जातो. मी तो फोन ठेवला आणि बाबांना लावला. म्हटलं, झेंडू राहू द्या झाडावर, तिले आत्ताच्या आत्ता अमरावतीले न्या. बाबांनी एकच विचारलं, कोनं सांगतलं? मी म्हटलं, पोरीनं. लगेच चप्पल शोधल्याचा आवाज आला. बायकोचं रक्त निम्म्यावर आलं होतं. आठ दिवस ठेवून घेतलं, रक्त चढवलं. आता घरी आहे, पोरांवर ओरडते, म्हणजे बरी आहे. अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई बोलल्या. दसऱ्याचा अर्धा झेंडू झाडावरच सुकला. ती घरी आली त्या दिवशी बाबांचा फोन आला. ते स्वतः कधी लावत नाहीत. पोट्टं मागं ओरडत होतं, कोन हाय बे. बाबा म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तुह्या मायच्या वक्ताले असं कोणी घरात असतं, तं." मी म्हटलं, पोट्ट्याकडे द्या फोन.

मला आधी वाटलं होतं की हा कागद घेऊन जावं आणि त्या पितळी डब्यात ठेवून द्यावा. पोरगी पहिलीत आहे, एकेक अक्षर जोडून वाचते. डबा हलवेल, कागद काढेल आणि आबाला मोठ्यानं वाचून दाखवेल, तेवढं तर तिच्या स्वभावातच आहे. पण मग मनात आलं, हे म्हणजे पुन्हा लेकराच्याच पोटात ठेवल्यासारखं झालं. ते तू केलंस, माय. सोळा वर्षं मी स्वतःवर चिडलो असं समजत होतो. आज लिहिताना कळलं की मी तुझ्यावरही चिडलेलो आहे. मी अकरा वर्षांचा होतो. तू मला मारायचं होतंस त्या करंज्यांसाठी, दोन रपाटे, आणि विसरून जायचं होतंस.

उद्याच्या गाडीनं निघतो. कोजागिरीला पोचेन, या वेळी भुलोजी ओसरीत बसेल. बाबांना सांगायचं आहे, आणि सांगेनच असं गाडीत बसेपर्यंत तरी वाटत राहील. बडनेऱ्याला उतरल्यावर काय वाटेल ते आत्ता लिहीत नाही. हा कागद इथंच खोक्यात राहील, फरशीसोबत कोणाच्या तरी घरी जाईल, मराठी कोणाला येणार तिथं.

अजून एक. मी फुटाणे खात नाही. इथं कोणी पुडी पुढं केली की सांगतो, दातात अडकतात.