चाळिसावं पान

ता. ११, सोमवार
सकाळी

प्रिय मास्तर,

पत्राला उशीर झाला, माफ करा. किती उशीर, तर नऊ वर्षं आणि वर आठ दिवस. नऊ वर्षांचं तुम्हाला ठाऊक आहे. आठ दिवस मायन्यातच गेले. ‘जावईबापू’ लिहिलं, खोडलं. नुसतं नाव लिहिलं, तर ते कोर्टाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. शेवटी घरात म्हणायचो तेच लिहिलं. तेव्हा ‘मास्तर’ हा टोमणा होता. आज तसं नाही, एवढं धरून चाला.

इकडे सगळे बरे आहोत. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा राहिलाय. त्याचं काय होईल या काळजीने बऱ्या झालेल्या डोळ्यालाही नीट दिसत नाही. लेकीची इस्पितळातली नोकरी चालू आहे, या महिन्यात दुपारची पाळी आहे. ठकीला एकोणीस पूर्ण झाली. उंचीने तुमच्यावर गेली आहे. अभ्यास चालू आहे. जेवणखाण व्यवस्थित.

शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. खोडत नाही, कागद आधीच फार घाण झालाय.

ठकीने विजेच्या डिप्लोमाला नाव घातलं, ते तुम्हाला कळलं होतंच. कसं कळलं ते मी विचारणार नाही. बाकीचे सगळे विषय सुटले, एक सर्किटचा पेपर राहिला. पहिल्यांदा चार मार्कांनी गेला. दुसऱ्यांदा सहा मार्कांनी. आता तिसरी खेप, आणि नियम असा की तिसऱ्यांदा गेला तर नाव कमी होतं. परीक्षेला बावीस दिवस आहेत. पोरीने पुस्तकं कपाटावर टाकली आहेत, वर जुनी चादर घातली आहे. ती सकाळी आठला खोक्यांच्या कारखान्यात जाते, पुठ्ठ्याची खोकी चिकटवते, संध्याकाळी येते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. बोटांची कातडी डिंकाने सोलवटली आहे. मी म्हटलं, “ठके, बावीस दिवस पुष्कळ झाले.” तर म्हणाली, “आजोबा, मला डोकंच नाही. आपल्या घरात कुणाला होतं?”

मी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला.

असो. आधी मला एक गणित विचारायचं आहे. बाकीचं मागून.

एक वही हाती लागली होती. तीत सर्किट सोडवायची एक रीत आहे, मेशची. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला ती कळायला तीन महिने लागले, पण कळली. सर्किट म्हणजे दोन तावदानांची खिडकी समजायची. प्रत्येक तावदानात एक करंट घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरतोय असं धरायचं. डावीकडचा पहिला, उजवीकडचा दुसरा. मधली पट्टी दोघांची सामाईक. तिथे एक खाली जातो, दुसरा वर येतो, म्हणून तिथे पहिल्यातून दुसरा वजा करायचा. मग एकेका तावदानाभोवती फेरी मारायची, बॅटरीने दिलेलं आणि रेझिस्टन्सने खाल्लेलं जुळलं पाहिजे. दोन तावदानं, दोन ओळी, दोन उत्तरं. चाळीस वर्षं बिघडलेल्या मोटारींत तांब्याच्या तारेची वेटोळी भरली, पण वेटोळ्यात करंट किती ते मी मोटार जळाल्यावरच ओळखायचो. हे म्हणजे जोडायच्या आधीच कागदावर कळतं. मी टेबलावर दोन बॅटऱ्या आणि तीन रेझिस्टन्स जोडले, मीटर लावला. काटा कागदावरच्या आकड्यावर येऊन उभा राहिला. मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

तेच मी ठकीला शिकवलं. रोज संध्याकाळी, चहानंतर, माझ्या कामाच्या टेबलाशी. सकाळी ती कॉलेजला गेली की मी वहीतून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवायचो आणि संध्याकाळी जणू माझ्याच डोक्यातून येतंय असं सांगायचो. वर्गातल्या दोन्ही चाचण्यांत तिला पैकीच्या पैकी पडले. धावत घरी आली, म्हणाली, “आजोबा, तुम्ही कॉलेजात शिकवायला हवं होतं!” लेक हसली, “आता तुझ्या आजोबांना टोपी पुरायची नाही.” त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगलो.

मग चाळिसावं पान आलं. तिथे उजव्या तावदानात नेहमीच्या गोल बॅटरीऐवजी पत्त्यांतल्या चौकटीसारखं चिन्ह काढलेलं, आणि शेजारी दोन लिहून पुढे दोन बारीक अक्षरं. आता मोटारीच्या पाटीवर काय असतं? आकडा असतो, आणि पुढची अक्षरं कंपनीची असतात. आम्ही आकडा बघतो, अक्षरं सोडून देतो. मी ठकीला सांगितलं, ही दुसऱ्या बनावटीची बॅटरी, दोन व्होल्टची. आकडा घ्यायचा, अक्षरं सोडायची. गणित मांडलं. डावीकडची बॅटरी चौदाची होती. पहिला करंट आला सव्वातीन, दुसरा एक पॉइंट तीन सात पाच. वहीत उत्तर होतं तीन आणि एक.

ठकीला मी वहीतलं उत्तर दाखवलं नाही. वहीच दाखवली नव्हती. पण मी एकटा असताना काय केलं, तर लाल पेन्सिल घेतली आणि वहीतल्या तीन-एकवर फुली मारली. कडेला ‘चूक’ लिहिलं. मास्तर, मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

कुणाची वही ते तुम्ही आतापर्यंत ओळखलंच असेल. मी उगाच ‘हाती लागली’ म्हणतोय.

दुपारी

सकाळी हात थांबला. लेक कामावर गेली, आता घरात मी एकटा आहे. सगळं लिहून टाकतो, परत वाचणार नाही.

दोन वर्षांपूर्वी पार्सल आलं तेव्हा सही मी केली. वर तुमचं अक्षर पाहिलं आणि दार लावून घेतलं. आत सव्वाशे पानांची वही, एकेक गणित आखून, एकेक बाण पट्टीने काढलेला. पहिल्या पानावर लिहिलेलं, “ठके, चाळिसाव्या पानापर्यंत तू एकटी जाशील. तिथे सगळेच अडतात, मीही अडलो होतो. तिथे आलीस की मला फोन कर. बाबा.” खाली नंबर.

ते पान मी ब्लेडने कापून काढलं. फेकलं नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येतं. दोन वर्षं ते माझ्या चष्म्याच्या घरात घडी करून आहे. चष्मा काढला की दिसायचं, ठेवला की दिसायचं. वही मी तांब्याच्या तारेच्या खोक्यात, रिळांच्या खाली ठेवली.

का, ते विचारू नका. विचारा. तुमची तात्पुरती नोकरी गेली आणि तुम्ही सात महिने आमच्याकडे होतात. मी रोज जेवताना म्हणायचो, “एक वेटोळं भरता येत नाही, आणि म्हणे विजेचा मास्तर.” तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत, त्याचाच मला जास्त राग यायचा. ज्या दिवशी तुमची बॅग मी दाराबाहेर ठेवली त्या दिवशी ठकी जिन्यात उभी होती. दहा वर्षांची. तिने बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. तो मी सोडवला. तिची बोटं एकेक करून.

मग इतक्या वर्षांनी तुम्ही वहीतून परत घरात येणार, आणि पोर म्हणणार, बाबांनी शिकवलं. मला ते सोसलं नाही. मला वाटलं, मी शिकवीन.

एकदा टेबलाशी तिने विचारलंही होतं, “आजोबा, बाबांना जमायचं का हो हे?” तुमची वही तेव्हा माझ्या मांडीवर होती, टेबलाच्या खाली. मी म्हटलं, “त्याला कुठलं जमतंय!”

पहिल्या परीक्षेत चौकटवालं गणित आलं, पंधरा मार्कांचं. तिने आकडा घेतला, अक्षरं सोडली. नापास झाली तेव्हा मी म्हटलं, तपासणारा गाढव आहे. दुसऱ्या वेळी तेच आणखी घोटून घेतलं. तेव्हा ती एकदा म्हणाली होती, “सर वर्गात काहीतरी वेगळं सांगतात, आजोबा. त्या अक्षरांचं काहीतरी.” मी म्हटलं, “तुझे सर पुस्तक बघून सांगतात. मी मीटर लावून सांगतो.” तिने माझं ऐकलं.

खरं तर त्या गणिताला मी मीटर कधीच लावला नव्हता. दुसऱ्या निकालानंतर लावायचं ठरवलं. तपासणाऱ्याला लेखी कळवणार होतो. त्यासाठी चौकटवाली बॅटरी हवी, म्हणून बाजारात सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवर बाई होत्या. वहीतलं चित्र दाखवून म्हटलं, ही बॅटरी द्या, दोन व्होल्टची. त्यांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं, आणि आतल्या माणसाला हाक मारली, “अहो, इकडे या, आजोबांना चौकट हवी आहे. इस्पिक आहे का बघा.” दोघं पोट धरून हसले. मग त्या बाईंनाच वाईट वाटलं असावं. मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, म्हणाल्या, “बाबा, ही बॅटरी नसते. हिला स्वतःचा आकडा नाही. ती अक्षरं आहेत ना, तो दुसरीकडचा करंट. तिथे जेवढा वाहील त्याच्या दुप्पट ही देणार. तिथे शून्य, तर हीसुद्धा शून्य.”

मी विचारलं, “मग तिचा आकडा कळणार कसा?”

“तोच तर शोधायचा. मधल्या पट्टीतला करंट म्हणजे पहिला वजा दुसरा, त्याची दुप्पट लिहा आणि सोडवा.”

घरी येऊन चपलाही न काढता टेबलाशी बसलो. पहिला तीन. दुसरा एक. मधून दोन जातो, त्याची दुप्पट चार. मी जिला ठाम दोन व्होल्ट म्हणत होतो ती चार व्होल्ट देत होती. फेरी मारून पाहिली, दोन्ही तावदानं जुळली. तुमचं उत्तर बरोबर होतं, आणि त्यावर माझी लाल फुली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ठकीला डोकं आहे. तिने मी सांगितलेलं चुकीचं अगदी बिनचूक केलं. ती ढ नाही, तिचा मास्तर ढ आहे, आणि ती तिकडे खोकी चिकटवतेय.

काल रविवारी धीर करून तिला हाक मारली. म्हटलं, “ये, चौकटवालं परत करू. तिथे दोन नाही घ्यायचे.” ती दारातच थांबली. “मागे तुम्हीच दोन म्हणाला होतात.” मी म्हटलं, “हो.” ती वाट पाहत होती. एवढं बोलायला हवं होतं की मी चुकलो. माझ्या तोंडून निघालं, “पुस्तकं बदलतात.” ती म्हणाली, “राहू द्या, आजोबा,” आणि गेली.

चष्म्याच्या घरातल्या नंबरावर मी चार वेळा फोन केला. नंबर बंद आहे असं सांगतात. म्हणून पार्सलच्या कागदावरच्या पत्त्यावर हे लिहितोय. तुम्ही तिथे राहता का, तेही मला माहीत नाही.

बुधवारी सकाळी

पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं. आज टाकतोच, कारण आता थांबायला जागा राहिली नाही.

काल संध्याकाळी मी ते कापलेलं पान वहीत परत चिकटवलं. ठकीचाच डिंक घेतला. वाकडं बसलं आहे. ती कामावरून आली तशी वही तिच्या हातात दिली. सांगितलं, ही तुझ्या बाबांची आहे, तुझ्यासाठी आली होती, मी लपवली, आणि चाळिसाव्या पानावर ज्याने ‘चूक’ लिहिलंय तो माणूस मी. एका दमात सांगितलं, नाहीतर परत पुस्तकं बदलली असती.

तिने पहिलं पान वाचलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “कधी आली होती?”

“दोन वर्षं झाली.”

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. आत जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने कपाटावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि चादर दारापाशी येऊन पडली. आज ती कारखान्यात गेलेली नाही. मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसलोय आणि मांडीवर हे लिहितोय. पान उलटल्याचा आवाज येतो. सकाळपासून मी अकरा मोजले.

लेकीला हे आज कळेल. तिने मला घराबाहेर काढलं तर माझं काही म्हणणं नाही. बॅग कुठे ठेवतात ते मला माहीत आहे.

मी तुमच्याकडे माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही. एकच सांगायचं आहे. नंबर बंद आहे हे मी ठकीला सांगितलेलं नाही. तेवढं तोंडातून निघालंच नाही. ती तुमच्यावर गेली आहे. पानावर लिहिलंय चाळीसला फोन कर, तर ती एकोणचाळीसला करणार नाही. पुढची पानं जड होत जातात, तरी शनिवारी ती तिथे पोचेल. त्या दिवशी ती फोन लावेल, आणि पलीकडे कुणी नसेल, तर या वेळी तिला वाटेल की बाबांनीच फिरवली पाठ. मग तिसऱ्या परीक्षेचं काही राहणार नाही, आणि मी काय सांगितलं तरी ती आता माझं खरं धरणार नाही.

कागदाच्या पाठीवर घरचा नंबर लिहिला आहे. फोन मी उचलला तर माझ्याशी बोलू नका, नुसतं ‘ठकी’ म्हणा, मी तिला देईन. फोन नको असेल तर एक ओळ पाठवा, कुठला नंबर चालू आहे एवढीच. पत्र पोचायला दोन दिवस लागतात असं पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, म्हणजे शुक्रवार. मध्ये एकच दिवस हातात आहे.

आत आणखी एक पान उलटलं. बारा.

लवकर कळवा, मास्तर. शनिवारच्या आत.

तुमच्या बरोबर उत्तरावर फुली मारणारा,
ठकीचा आजोबा