मागुरांना लसूण चारल्याचा वृत्तांत

ती. बाबा,

जावयाचा वाकून नमस्कार (तुमचा गुडघा नवा बसवलेला असल्यामुळे आशीर्वाद बसूनच द्यावा). जखम भरत आली असेल आणि तुमची लेक पथ्याचं खायला घालून तुम्हाला छळत असेल, अशी खात्री आहे. इकडे सासूबाई ठणठणीत आहेत. मासेही आहेत. बहुतेक सगळे.

घाबरू नका. तुम्ही दवाखान्यात दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी तिसऱ्या टाकीतल्या मागूर माशांनी खाणं सोडलं. अंगावर लाल चट्टे, मिशांची टोकं झडलेली, आणि सगळे पाण्यावर तोंड काढून माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांना शब्द देऊन विसरलो. अशा वेळी तुम्ही दुकानातून कसलीशी पांढरी पावडर आणता, हे मला ठाऊक आहे. पण मी एक पुस्तिका वाचली होती (पूर्ण नाही, महत्त्वाची पानं), आणि औषधी वनस्पतींनी माशांची ताकद वाढते असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. मग मी हात आखडता घेतला नाही. लसूण, हळद, पेरूची पानं, कडुनिंबाचा पाला, सगळं सासूबाईंच्या मिक्सरमधून काढून खाद्यात कालवलं. (मिक्सर आता कायमचा पिवळा झालाय, चालतो मात्र उत्तम, थोडा धूर सोडला तर.) माशांनी एकेक दाणा तोंडात घेतला आणि तितक्याच शिस्तीत बाहेर टाकला. दोन दिवसांत ते खाद्य तळाशी कुजलं आणि असा वास सुटला, की पोस्टमन पत्रं फाटकावरूनच आत फेकू लागला. अकरा मासे गेले. ते मी स्वतः पुरले, आणि खरं सांगतो, त्या दिवशी घास उतरला नाही.

शेवटी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाणी हुंगलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे खायला घातलंत, की कसला सूड उगवलात?" मग समजावलं, की कडुनिंब बंद, किलोभर खाद्याला दहा ग्रॅम लसणाची पूड, पाच ग्रॅम हळद, वरून तेलाचा हात, आणि सावलीत वाळवायचं. यानं भूक आणि ताकद वाढते, पण घाण पाणी त्यानं साफ होत नाही. (हे शेवटचं वाक्य त्या दोनदा बोलल्या.) मी काटा लावून वजनं केली, आणि नवव्या दिवशी खाद्य पडताच टाकीतलं पाणी उसळलं. चट्टे सुकलेत. बाबा, मी टाकीच्या कठड्यावर बसून अर्धा तास नुसता बघत होतो. आता बाकीच्या टाक्यांनाही हेच सुरू करतोय. विद्या हाती लागली आहे.

तुमचा जावई

ता.क. सासूबाई पाठीमागे उभ्या राहून वाचतायत. नऊ दिवस रोज सकाळी टाकीतलं एक तृतीयांश पाणी त्यांनी बदललं, हेही लिहावं असं त्यांचं म्हणणं. लिहिलं.

दुसरा ता.क. त्या आत गेल्या. खरं काम असं, की मी कचेरीतल्या नोकरीचा राजीनामा दिलाय. यापुढे मासेच सांभाळीन म्हणतो, तुम्ही ठेवून घेतलंत तर. तुमच्या लेकीला अजून बोललेलो नाही. ते तुम्ही सांगावं, तुमचं ती ऐकते. आणि चष्मा न सापडल्यामुळे हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर अगं, आधी बाबांना पाणी दे, मग मला फोन कर.