‘नको’चं चित्र

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. ठकूने टॅबलेट उगाच भिंतीवर फेकला, असं मी, तिची सख्खी बहीण, कळवलं होतं. फेकला हे खरं. पण त्याआधी बराच वेळ ती पडद्याच्या एकाच कोपऱ्यावर बोट आपटत होती, आणि तो कोपरा रिकामा होता. तिथे आडव्या तळहाताचं लाल चित्र असायचं. ते दाबलं की टॅबलेट ‘नको’ म्हणायचा.

शाळेत जाऊन विचारलं. बाईंनी सहज सांगितलं की, ते त्यांनीच काढलं. सगळी मुलं सारखी तेच दाबतात, धडा पुढे सरकत नाही. टॅबलेटला शाळेचं कुलूप आहे, घरी काही बदलता येत नाही. बाई वाईट नाहीत गं, एकट्या सगळा वर्ग ओढतात. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती चित्रं दाबून बोलते, आणि तिचा नेमका नकारच काढून घेतला. मग ती चावते. आईच्या दंडाला टाके पडले.

बाबांनी निवासी संस्थेत जागा पक्की केली आहे. सतरा तारखेला तिला तिथे ठेवायचं. चित्राचं सांगितलं तर म्हणाले की, यंत्राला बोल लावून चावे थांबत नाहीत. मावशी, मला काही म्हणजे काही सुचत नाही. माझं चुकत असेल तर कान धर.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भाची

६ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ओट्याशी बसवून तुला अक्षरं शिकवली, तेव्हाही एक काना चुकला की तू अख्खी पाटी पुसायचीस. आता पुसत बसू नकोस. माझा टॅबलेट पाठवते आहे. त्यावर शब्दकोडी सोडवून मी डोळे फोडून घेते, असं तुझे काका म्हणतात. तेव्हा दोघांचीही सुटका. त्याला कुणाचं कुलूप नाही. तिची सगळी चित्रं जागच्या जागी लाव, तळहात आधी. शाळेशी मी भांडीन, मला सवय आहे.

तुझे बाबा दगड नाहीत, थकलेत. पण थकलेला माणूस सही पटकन करतो. जप.

आमची आठवण ठेवत जा.
मावशी

१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

टॅबलेट पोचला. ‘नको’ला आवाज माझाच भरला. रात्री जेवताना ठकूने तो दाबला आणि बाबा माझ्यावरच खेकसले की, तुला दूध कुणी विचारलंय! मी ठकूकडे बोट दाखवलं. मग त्यांनी तिच्यापुढचा पेला मुकाट्याने बाजूला घेतला. ती चावली नाही. आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

मला वाटलं, जिंकलो. काल ती आईला पुन्हा चावली. चित्र होतं, तरीही. हे तुझ्यापासून लपवणार नाही. बाबा म्हणाले, एका शब्दावर घर चालत नाही, आणि तिची बॅग भरायला घेतली.

मी संस्थेत जाऊन आले. तिथल्या खोलीचा, खाटेचा, फाटकाचा फोटो काढून टॅबलेटवर घातला आहे. रोज तिला दाखवते, पण अजून विचारलेलं नाही. मन वळवल्यासारखं होईल, ही भीती. बाबांची सही होण्याआधी, सगळ्यांसमोर, फाटकाशीच विचारीन. ‘हो’ आणि ‘नको’ शेजारी शेजारी ठेवीन. तिने ‘हो’ दाबलं तर बॅग मी स्वतः आत नेईन. तेव्हा मला सावरायला तू ये. ‘नको’ दाबलं तर तिचा हात धरून मागे फिरेन. तिला सांभाळायला नोकरी सोडावी लागली तरी चालेल, बाबांनी बोलणं टाकलं तरी चालेल.

हे त्यांना आज सांगितलं आहे. चोरून काही करणार नाही.

लोभ आटू देऊ नकोस. सोमवारी, सतरा फेब्रुवारीला, सकाळी विचारणार.

तुझी भाची